उंबऱ्याबाहेरचा मुक्काम

नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी अखेरच्या टप्प्यासह पूर्ण खुला झाला. शिर्डीपर्यंतचे ५२० किलोमीटर त्याआधी ११ डिसेंबर २०२२ पासून सुरू होतेच. सकाळी नागपुरात तर्री-पोहे खाऊन निघालेला माणूस संध्याकाळच्या चहाला ठाण्यात पोहोचतो, याचे मोल जुन्या रस्त्याने अमरावती, मेहकर, जालना करत ट्रकांच्या रांगेमागे रात्री काढलेल्यांनाच नीट कळेल, आणि त्या सोयीबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. मात्र या वेगामुळे आमच्या घरातल्या बोलण्यातून एक प्रश्न हळूहळू नाहीसा झाला. पूर्वी प्रवास ठरला की गाडीच्या चाकांत हवा भरण्याआधी ‘मुक्काम कुठे करायचा?’ यावर दोन संध्याकाळी चर्चा चाले. आता मुले थेट पोहोचण्याची वेळ विचारतात. आम्ही दोघांनी मात्र गेल्या काही वर्षांत तो जुना प्रश्न पुन्हा विचारायला सुरुवात केली आहे, आणि एका दिवसात संपू शकणारा प्रवासही आम्ही मध्ये एक रात्र घालून करतो. ती रात्र कुठे घालवायची हे ठरवताना कशाकडे पाहायचे, हे मला फार उशिरा उमगले, म्हणून ते सविस्तर लिहावेसे वाटते.

मुक्काम हा शब्द अरबीतून आला, पण आपण तो इतका आपला करून घेतला की खेड्याचा पत्ताच ‘मु. पो.’ या अक्षरांनी सुरू होतो. ज्या गावात माणसाने सारा जन्म काढला, त्या गावालाही तो पत्त्यात मुक्कामच म्हणतो. वारकऱ्यांनी तर थांबण्याचे दोन प्रकार स्पष्ट वेगळे केले आहेत. वाटेत घटकाभर टेकायचे तो विसावा, आणि रात्र काढायची तो मुक्काम. शेगावहून गजानन महाराजांची पालखी महिनाभर चालत पंढरपूरला जाते, तिचे मुक्काम कोणत्या तिथीला कोणत्या गावी हे आधीच ठरलेले असते, आणि त्या गावांत पालखी पोहोचण्यापूर्वीच घराघरांतून चुली पेटलेल्या असतात. विसाव्याला झाडाची सावली पुरते; मुक्कामाला सभोवती गाव लागते. हमरस्त्यावरच्या हॉटेलात आपण जी रात्र काढतो तिला मी आता मनातल्या मनात लांबलेला विसावा म्हणते. तिथे अंग टेकते, गाडी उभी राहते, सकाळी बिल चुकते होते, आणि आपण कुठे होतो हे आठवायला पावतीवरचा पत्ता वाचावा लागतो.

माझे वडील पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. नाताळच्या सुट्टीत ते आम्हा भावंडांना आळीपाळीने दौऱ्यावर नेत, त्यामुळे लहानपणीच्या माझ्या साऱ्या रात्री, म्हणजे घराबाहेरच्या साऱ्या रात्री, खात्याच्या विश्रामगृहांत गेल्या. उंच छत, पांढरी चुन्याची भिंत, दोन लांब हातांची वेताची आरामखुर्ची, टेबलावर जाडजूड नोंदवही, आणि सांगितल्यावरच चूल पेटवणारा खानसामा, असा तो सगळा थाट असे. खोल्या साध्या आणि बहुधा थोड्या ओलसर असत. पण व्हरांडा मात्र खोलीइतकाच रुंद असे, आणि त्या व्हरांड्यातून नेहमी काहीतरी दिसे. कधी धरणाचे पाणी, कधी नदीचे वळण, कधी आमराई, कधी नुसताच दूरवर उतरत गेलेला माळ. हे बंगले बांधले गेले त्या काळचे अधिकारी थंडीचे महिने घोड्यावर किंवा बंडीने दौरे करत, दिवसभरात जनावर जितके सुखाने चालेल तितक्या अंतरावर त्यांचे बंगले बांधलेले असत, आणि संध्याकाळी तिथे पोहोचल्यावर करण्यासारखे दुसरे काही नसल्यामुळे जागेची निवड डोळसपणे झालेली असे. बाबा म्हणत, ‘बंगला बांधण्याआधी या माणसाने इथे एक अख्खी संध्याकाळ खुर्ची टाकून बसून पाहिले असले पाहिजे.’ हे वाक्य मी तेव्हा नुसते ऐकले होते.

ते कळायला पुढे एक वाईट रात्र यावी लागली. आठ-दहा वर्षांपूर्वी एका लग्नाहून परतताना आम्ही जंगलाच्या कडेचे एक रिसॉर्ट फोटो पाहून ठरवले. फोटोंत पोहण्याचा निळा तलाव होता, पांढऱ्या चादरींवर टॉवेलचे हंस होते, आणि ‘निसर्गाच्या कुशीत’ असे लिहिले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. आवारात झगझगीत दिवे होते, जनरेटर चालू होता, दुसऱ्या कोणाच्या तरी समारंभाचे संगीत बारापर्यंत वाजत राहिले, आणि खोलीची एकुलती एक खिडकी शेजारच्या खोलीच्या वातानुकूलन यंत्रावर उघडत होती. खोलीबद्दल माझी काही तक्रार नाही. ती स्वच्छ होती. सकाळी निघताना फाटकाबाहेर गाडी वळवली तेव्हा ह्यांनी एकदम ब्रेक लावला. आवाराच्या मागच्या भिंतीला लागून, फार तर दोनशे पावलांवर, वाळूतून एक नदी वाहत होती. काठावर बगळे उभे होते आणि पाण्यावर धुक्याचा पातळ पदर होता. आम्ही रात्रभर त्या नदीच्या इतक्या जवळ होतो, आणि त्या भिंतीला त्या बाजूने एक दारसुद्धा नव्हते.

त्या दिवसापासून मी खोल्यांचे फोटो पाहणे सोडले. मी आता विचार करते तो खोलीच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकल्यावर काय आहे याचा. संध्याकाळी चहा झाल्यावर गाडीची किल्ली न उचलता, चपला घालून, पायी कुठे जाता येईल? तिथे पाणी आहे का, टेकडी आहे का, देऊळ आहे का, गावातली माणसे दिवस संपताना जिथे जमतात अशी जागा आहे का? याचे उत्तर मिळाले की बाकीच्या गोष्टी गौण ठरतात. आणि ते उत्तर उपभोगायचे तर उजेड असताना पोहोचावे लागते. डिसेंबरात नागपूरकडे साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणजे दुपारी चारच्या आत सामान खोलीत पडले पाहिजे, म्हणजे मधल्या जेवणासह दिवसाला दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरच्या पुढे जाता कामा नये. नकाशावर मी आधी हे अंतर मोजते आणि मग त्या टापूत गाव शोधते. पूर्वी मी उलट करत असे, चांगले हॉटेल जिथे असेल तिथवर गाडी ताणत असे.

गाव शोधायची माझी रीत थोडी वेळखाऊ आहे, पण तिच्यात आनंद आहे. नकाशाचे उपग्रहाचे चित्र उघडायचे आणि हळूहळू सरकवत जायचे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या आमच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांवरून असे सरकत गेले की हिरव्या-तपकिरी जमिनीवर आरशाचे तुकडे सांडावेत तसे तलाव दिसू लागतात. त्यांतल्या बहुतेकांची एक कड सरळ किंवा धनुष्यासारखी वाकलेली असते आणि उरलेल्या कडा वेड्यावाकड्या असतात. ती सरळ कड म्हणजे माणसांनी घातलेली मातीची पाळ. उताराच्या तोंडाशी पाळ घालून वरच्या अंगाचे पावसाचे पाणी अडवायचे, आणि पाळीच्या खालच्या अंगाला धानाच्या बांध्या भिजवायच्या, ही त्यामागची योजना. असे हजारो तलाव या भागात आहेत. त्यांतले कितीतरी कोहळी समाजाच्या कसबी हातांनी बांधलेले आहेत, आणि खुद्द नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधला असे तिकडे सांगतात. मालगुजारांच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात असलेले हे तलाव १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर सरकारजमा झाले आणि सरकारी कागदांवर त्यांचे नाव ‘माजी मालगुजारी तलाव’ असे पडले. लोकांनी त्यातली आद्याक्षरे घेऊन त्यांना ‘मामा तलाव’ करून टाकले. मुक्काम शोधणाऱ्याने या पाळीकडे पाहावे, कारण गाव बहुधा पाळीच्या आसपासच वसलेले असते, आणि पाळ म्हणजे दोन्ही बाजूंनी झाडे असलेली, गावापेक्षा उंच, चालायला अगदी आयती अशी वाट असते. पाणी पाळीच्या पश्चिमेला असेल तर सूर्यास्त पाण्यावर मिळतो, पूर्वेला असेल तर पहाट मिळते.

अशाच एका पाळीने आमचा आजवरचा सर्वांत चांगला मुक्काम दिला. हेमलकशाला जायचे होते. उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी हा जवळचा रस्ता सोडून आम्ही भंडाऱ्यावरून वैनगंगा ओलांडून साकोलीला गेलो आणि तिथून नवेगावबांधच्या दिशेला वळलो. त्या वाटेवरच्या एका लहान गावात एका शेतकरी कुटुंबाने घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या पाहुण्यांसाठी बांधल्या आहेत. ते फोन केल्याशिवाय कोणाला घेत नाहीत आणि त्यांची कोठे जाहिरात नाही, म्हणून गावाचे नाव इथे लिहीत नाही. फोनवर मी माझे नेहमीचे प्रश्न विचारले होते. स्वयंपाक घरातच होतो का? रात्री घरात बायका-माणसे असतात का? पाळ घरापासून किती दूर? पलीकडून एक वयस्कर बाई बोलत होत्या. त्यांनी माझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एका दमात दिली आणि मलाच विचारले, ‘भाजी कोनती खाता जी तुमी? बुधवारचा बाजार असते, आधी सांगून ठेवा.’ आठवडी बाजार ज्या गावाला आठवड्यातून एकदा भेटतो त्या गावात पाहुण्याने आगाऊ कळवणे ही केवळ सभ्यता नसते, त्याच्यावर ताटातली भाजी अवलंबून असते, हे मी त्या दिवशी शिकले.

आम्ही पोहोचलो तेव्हा पावणेचार झाले होते. घराला छपरी होती, छपरीत धानाची पोती रचलेली होती, आणि खोलीत दोन खाटा, एक पंखा, भिंतीत एक कोनाडा एवढेच होते. पायरीवर पाण्याचा तांब्या ठेवून बाईंनी आकाशाकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘उजेड हाये तोवर पाळीवर जाऊन या. चहा मंग घेजा.’ इतक्या वर्षांत कोणत्याही स्वागतकक्षात मला असे कोणी सांगितलेले नाही. घरामागची सांदवाडी ओलांडली, शेणकुडाच्या भिंतीला वळसा घातला, पंधरा-वीस पायऱ्यांएवढा चढ चढलो, आणि समोर एकदम पाणीच पाणी आले. एका बाजूला कमळांची पाने पसरली होती, दुसऱ्या बाजूला शिंगाड्याचे वेल होते आणि धीवरांच्या दोन लहान डोंग्यांत बसून माणसे शेवटचे शिंगाडे तोडत होती. पाळीच्या खालच्या अंगाला धान कापून झालेल्या बांध्यांत लाखोळी हे कडधान्य उगवले होते आणि त्याला इवलीशी निळी फुले आली होती. धान उभे असतानाच ओल्या जमिनीत लाखोळी फेकतात, धान निघून जातो आणि त्याच ओलीवर ती वाढते, हे तिथे गुरे वळणाऱ्या एका काकाजींनी सांगितले. पाळीतून पाणी सोडण्याच्या जुन्या द्वाराला ते तुडुम म्हणत होते. तलावाच्या पलीकडे बदकांचे थवे उतरत होते. सारस दिसतील अशी मला आशा होती, कारण महाराष्ट्रात सारस राहिले आहेत ते मुख्यतः गोंदियाच्या धानपट्ट्यात, पण ते दिसले नाहीत. काकाजी म्हणाले, ‘इथं बसत न्हाई आता.’ मग आम्ही तिघेही काही वेळ बोललो नाही.

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा गावातून भांड्यांचे आवाज येऊ लागले. पाळीवरून घरी परतणाऱ्या बायकांनी डोक्यावर काड्यांचे भारे घेतले होते, त्यांतल्या एकीने आम्ही कुणाकडे उतरलो ते विचारले, आणि नाव सांगताच ‘मंग ठीक आहे’ म्हणून ती पुढे झाली. त्या तीन शब्दांनी मला जेवढे सुरक्षित वाटले तेवढे फाटकावरच्या गणवेशातल्या पहारेकऱ्याने कधी वाटले नव्हते. अनोळखी गावात तिन्हीसांजेला बाईमाणसाने पायी बाहेर पडावे की नाही ही शंका मला माझ्या मैत्रिणी नेहमी विचारतात, आणि ती खरी शंका आहे. माझा अनुभव असा की आपण कोणाच्या घरचे पाहुणे आहोत हे गावाला ठाऊक असेल तर गाव आपल्याकडे पाहुणे म्हणून पाहते. म्हणूनच घरात बायका-माणसे असतात का हा प्रश्न मी फोनवर कधी गाळत नाही.

रात्री चुलीवरची भाकर, वांग्याची भाजी, लाखोळीची डाळ आणि भात असे जेवण झाले. भात त्याच पाळीच्या पाण्यावर पिकलेला होता. झोपायला नऊ वाजले नव्हते. पहाटे कोणत्यातरी पक्ष्याच्या ओरडण्याने जाग आली, शाल घेऊन पुन्हा पाळीवर गेले, आणि धुक्यातून पाणी दिसायला पाऊण तास लागला. तो पाऊण तास मी हेमलकशाच्या आठवणींइतकाच जपून ठेवला आहे.

खोलीने फरक पडत नाही असे मी म्हणते तेव्हा सासूबाई माझ्याकडे जरा रागाने पाहतात, आणि त्यांचा राग योग्य आहे. त्यांचे गुडघे दुखतात, त्यांना बसायचा संडास लागतो, रात्री उठायला दिवा लागतो. या गोष्टी मी विचारून घेते आणि त्यांत तडजोड करत नाही. स्वच्छ न्हाणीघर, कडक गादी, गरम पाणी आणि आतून लागणारी कडी, एवढे असले पाहिजे. पण त्यापुढे पैसे देऊन जे मिळते, दूरदर्शनचा मोठा पडदा, संगमरवरी फरशी, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या साबणांच्या वड्या, त्याचा मुक्कामाशी संबंध नाही असे माझे पक्के मत आहे. आपल्याकडे एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, निवास-न्याहारी योजना अनेक वर्षे आहे, २०२० पासून राज्याचे कृषी पर्यटन धोरणही आहे, आणि त्या निमित्ताने कितीतरी घरांनी व शेतांनी चांगल्या सोयी केल्या आहेत. दुर्दैवाने त्यांतल्या काहींनी आता शेताभोवती उंच भिंत घालून आत कारंजे बांधायला घेतले आहे.

पचमढीला जाताना आम्ही तामियाला थांबतो. नागपूर-सावनेर-सौसर-छिंदवाडा हा रस्ता तसा परक्या राज्यात जातो, पण १९५६ पर्यंत नागपूर आणि छिंदवाडा एकाच मध्यप्रदेशात होते, आणि सौसरच्या टपरीवर अजूनही मराठीतच चहा मागता येतो. संत्र्यांच्या बागा मागे पडल्या की सिल्लेवानीचा घाट लागतो. तामिया नागपूरपासून सुमारे १८० किलोमीटर, पचमढी तिथून आणखी ऐंशीएक. माणूस एका दमात जाऊ शकतो, बहुतेक जातातच. पण तामियाला दरीच्या अगदी कडेवर बांधकाम खात्याचा जुना बंगला आहे, आणि तो पाहिल्यावर बाबांचे खुर्चीचे वाक्य मला इतक्या वर्षांनी शब्दशः पटले. आम्हाला त्या बंगल्यात खोली मिळाली नव्हती. आम्ही तिथून दहा मिनिटांच्या चालीवर एका घराच्या माडीवर उतरलो होतो, जिथल्या जिन्याला कठडा नव्हता आणि नळाला पाणी सकाळी सहालाच येई. तरी संध्याकाळी बंगल्याजवळच्या कड्यावर जाऊन उभे राहिलो तेव्हा समोर सातपुड्याच्या रांगांमागे रांगा निळ्या होत गेल्या, आणि खालच्या जंगलातून कुठूनतरी ढोलाचा आवाज येत राहिला. पातालकोटची दरी तिथून जवळच. त्या खोलातल्या गावांत भारिया आणि गोंड लोक राहतात. अंधार झाल्यावर दऱ्यांत एक-एक मिणमिणता दिवा लागत गेला आणि आम्ही ते मोजत बसलो.

अंधाराबद्दलही थोडे सांगितले पाहिजे, कारण उंबऱ्याबाहेर जे असते त्यात रात्रही येते. पेंचच्या महाराष्ट्राकडच्या जंगलाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा काळोख राखलेले उद्यान, हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. भारतातले ते पहिले. त्यासाठी सिल्लारीच्या आसपासच्या गावांतले रस्त्यांवरचे दिवे बदलून उजेड फक्त खाली पडेल असे बसवण्यात आले. नागपुरातून दीड-दोन तासांवर इतके आकाश शिल्लक आहे हे आमच्या शेजाऱ्यांना सांगूनही पटत नाही. अमावास्येच्या जवळची तारीख धरून आम्ही तिथे एक रात्र काढली, आणि तेव्हापासून फोनवरच्या माझ्या प्रश्नांत एकाची भर पडली आहे: अंगणातला दिवा रात्री मालवता येतो का?

या डिसेंबरात लोणारला जायचे ठरते आहे. समृद्धीवरून मेहकरच्या फाट्याला उतरले की सरोवर फार दूर नाही. सकाळी लवकर निघून ते पावणेदोन किलोमीटर रुंदीचे विवर पाहून रात्री घरी परत येता येईल, आणि मुलाने तसेच सुचवले आहे. आम्ही अलीकडच्या एका खेड्यात शेतातले घर शोधले आहे. नकाशावर घरामागे एक ओढा दिसतो, ओढ्याच्या काठाने एक पायवाट दिसते, आणि पायवाटेच्या टोकाला झाडांचा एक पुंजका आहे, तो बहुधा एखाद्या देवळाभोवतीचा असावा. काल दुपारी तिथे फोन केला. पाणी, न्हाणी, बायका-माणसे, अंगणातला दिवा, सगळे विचारून झाले, झाडांखाली महादेवाचे देऊळच आहे हेही कळले. मी फोन ठेवणार तेवढ्यात पलीकडच्या ताईंनी विचारले, ‘आंघोळीले पाणी कितीक वाजता तापवू?’ अजून दोन महिने आहेत, असे मी म्हणाले. ‘असू द्या,’ त्या म्हणाल्या, ‘वहीत लिहून ठेवतो.’